कुप्पमचा दिवा आणि चांदीची होडी

माझं बूड कुठल्याच कामाला टेकत नाही, असं आमची आक्का म्हणते. सोलापुरातल्या गिरणीच्या स्टोअरातली नोकरी सुटली (सोडली म्हणा हवं तर) आणि दुसऱ्याच दिवशी मी मद्रास मेलच्या थर्ड क्लासात होतो. कारण एवढंच, की आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो आणि तिकडे समुद्रातून निघतो. ते एकदा बघायचं होतं.

जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. रायचूरपर्यंत घरची भाकरी पुरते. गुंटकलला उतरून पाणी भरून घ्या. पुढे खिडकीशी जे येईल ते बेधडक खा, स्वस्त आहे आणि गरम आहे. कॉफीवाला पेल्यातून वाटीत अशी हातभर उंचीवरून धार धरतो, की ती बघता बघता अरकोनमला माझी गाडी सुटत होती.

मद्रासला आक्काच्या सासरचे माधवरावकाका राहतात. पिढ्यान् पिढ्या तंजावरची माणसं. दारातच म्हणाले, "ये रे. साप्पाड जालं का?" साप्पाड म्हणजे जेवण. जालं नव्हतं. केळीच्या पानावर भात, सांबार, पुन्हा भात, रसम, पुन्हा भात. सकाळी महाबलिपुरमची बस गाठायचा बेत सांगितला तर काका हसले. "ती देवळं दगडाची आहेत, पळणार नाहीत. तू उद्या माझ्यासंगं चल. दिवा जाणार आहे."

कुठला दिवा, कुठे जाणार, मी विचारलंही नाही. निघालो.

हाताने ओढायच्या रिक्षात बसायला मला लाज वाटली, म्हणून बंदराच्या उत्तरेला वाळूतून चालत गेलो. चपला हातात घ्या, नाहीतर पट्टा तुटतो. माझा तुटला. तिथे कोळ्यांची वस्ती, म्हणजे कुप्पम, आणि मधोमध पांढरं बुटकं चर्च. काका बंदराच्या कचेरीत कारकून, त्यामुळे तिथले सगळे ओळखीचे. आदल्या वर्षी चर्चमधली चांदीची समई चोरीला गेली होती. दिवाही जाईल या भीतीने वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी तो म्युझियमकडे सांभाळायला द्यायचं ठरवलं होतं. न्यायला आलेले साहेब उत्तरेकडचे तरुण गृहस्थ, त्यांना तमिळ येईना, म्हणून मध्ये काका.

दिवा बघून मी सूर्यबिर्य विसरलो. तीन जाड साखळ्यांवर टांगलेलं, घागरीएवढं चांदीचं भांडं. कडेने देवदूत, पण त्यांच्या वेणीत मोगरा, आणि पायाशी मोर. सगळं लखलखत होतं. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"धुतला कुणी? शंभर वर्षांची काळसर झाक होती त्याच्यावर!"

काकांनी तमिळमध्ये सांगितलं. बायका खो खो हसल्या. एकजण काहीतरी म्हणाली. काका म्हणाले, "ती म्हणते, चिंच आणि राख लावून रात्रभर घासलाय. पोरगी सासरी पाठवताना तोंड धुवून पाठवायची नाही का?"

साहेबही हसले आणि दिवा उतरवायला पुढे झाले. तेव्हा एका साखळीत अडकवलेली बोटभर चांदीची होडी त्यांना दिसली. ती सोडवायला त्यांनी हात घातला मात्र, सगळं चर्च एकदम ओरडलं.

तिथली रीत अशी. नवस बोलताना साखळीत चांदीचं काहीतरी बांधतात, डोळा, पाय, होडी. नवस फेडताना, किंवा आशा सोडली तर, ज्याचं त्यानेच सोडायचं. दुसऱ्याचा हात लागायचा नाही. दिवा जाणार म्हणून बाकी सगळ्यांनी आपापलं सोडून नेलं होतं. राहिली होती आरोग्यम्माची होडी. तिचा मुलगा अंतोनी गेल्या वादळात समुद्रावर गेला तो परतला नव्हता.

"सोड ना अम्मा," पाद्री हळूच म्हणाले. "देवाला कळतं."

"देवाला कळतं, फादर. समुद्राला कळायला नको?" ती म्हणाली. "मी सोडली, म्हणजे तो येणार नाही असं मीच सांगितलं."

साहेब काकांना म्हणाले, होडी दिव्याच्या काळाची नाही, लोक विचारतील. काकांनी ते तमिळमध्ये सांगितलंच नाही. उलट साहेबांनाच म्हणाले, "साहेब, विचारू दे की. उत्तर आहे ना आपल्याकडे."

 मग साहेबांनी दिवा होडीसकट गोणपाटात गुंडाळला.

मद्रास सोडायच्या आधी मी म्युझियममध्ये गेलो. पाहण्यासारखं खूप आहे, सकाळी जा, दुपारी उकाड्याने जीव जातो. दिवा काचेच्या कपाटात होता आणि आरोग्यम्मा समोर. दिव्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती रखवालदाराशी वाद घालत होती. काका सोबत होते म्हणून कळलं. ती विचारत होती, अंतोनी आला तर हे कुलूप कोण उघडणार?

"साहेबांना विचार."

"साहेब बदलून गेले तर?"

"तर नव्या साहेबांना विचार."

"तो मला ओळखणार कसा?"

रखवालदार वैतागून म्हणाला, "येत जा मग, तोंड दाखवत जा!"

"येईन," ती म्हणाली. आणि खरंच येणार, हे तिच्या बसण्यावरूनच दिसत होतं. तिने फरशीवर पदर पसरून बैठक मारली होती.

सोलापूरला आल्यावर आक्काने विचारलं, काय पाहिलंस? महाबलिपुरम राहिलं. सूर्योदय बघायला गेलो त्या दिवशी ढग होते. दिव्याचं सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, "आला का रे तिचा पोरगा?" मला कुठे माहीत!

तेव्हापासून मद्रासला निघालेला कुणीही भेटला की मी त्याला थांबवतो. तुम्हीही जाल तर देवदूत बघा, मोर बघा, पण आधी साखळी बघा. होडी असली तर ठीक. साखळी मोकळी दिसली, तर विचारल्याशिवाय निघू नका, कुणाच्या हाताने सुटली.