बाबांच्या वर्गातले पाहुणे

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आमची सेवा-सहल निघाली. सहल कसली, आठवडाभर बडोद्यातल्याच म्युनिसिपालटीच्या शाळांत जायचं, मुलांना शिकवायचं, खेळ घ्यायचे, भिंती रंगवायच्या. नव्वदच्या दशकातली वर्षं ती. वासण्याकडच्या नव्या वस्तीत इंग्रजी शाळा भराभर उघडत होत्या आणि आम्ही गरिबांच्या शिक्षणाचा अभ्यास करायला चाललो होतो. डोक्यावर टोप्या काय, छातीवर बिल्ले काय, विचारू नका!

एके दिवशी सकाळी मॅडमनी नेमकं मांडवीजवळच्या मराठी शाळेचं नाव घेतलं. माझे बाबा तिथे मास्तर होते. मैत्रिणींना मी 'बाबा सर्व्हिसमध्ये आहेत' एवढंच सांगून ठेवलं होतं. त्या सगळ्या कारखानदारांच्या, डॉक्टरांच्या मुली.

त्याच दिवशी शाळा बघायला म्युनिसिपालटीचे एक मोठे साहेबही येणार होते. बाबांच्या वर्गात मुलं उरलीच नव्हती फारशी. बाक रिकामे दिसले तर वर्ग बंद करून मुलं गुजराती शाळेत घालणार, हे आमच्याकडे रोज जेवताना चघळलं जात होतं. बाबांचा त्या वर्गावर जीव होता. त्यांना घास गिळवत नव्हता.

मी वर्गात शिरले तर बाक भरलेले! जरा निरखून पाहिलं. निम्मी मुलं आमच्याच वस्तीतली, नागरवाड्यातली. इंग्रजी शाळांना नाताळची सुट्टी, म्हणून बाबांनी घरोघरी विनवून गोळा केलेली. पहिल्या बाकावर माझ्या दादाची मुलगी, तेल थापून दोन वेण्या घातलेली. तिने मला पाहिलं, 'आत्या' म्हणायला तोंड उघडलं आणि आजोबांकडे बघून मिटून घेतलं. एवढीशी पोर, तिलाही पढवून ठेवलेलं. मग बाबांनी मला पाहिलं. जरा थांबले, आणि हात जोडून म्हणाले, "आवो बेन, बेसो."

घरात आम्ही एकमेकांशी गुजरातीत कधी बोललो नव्हतो. परक्या बाईसारखं त्यांनी मला बसवलं आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं.

साहेब आले. आमच्यातल्या एका उत्साही मैत्रिणीने नेमकं माझ्या भाचीलाच उभं केलं आणि फळ्याकडे बोट दाखवून वाचायला सांगितलं. फळ्यावर बाबांच्या वळणदार अक्षरात एकच वाक्य होतं. भाची नुसती बघत राहिली. तिच्या शाळेत अजून एबीसीडीच चाललेली. बाबा तिला घरी मुळाक्षरं शिकवायला घेऊन बसायचे, तेव्हा आधी इंग्रजी पक्कं होऊ दे म्हणून दादा-वहिनींनी तिला उठवलं होतं, आणि मीही त्यांचीच री ओढली होती. मराठी मास्तरांची नात, आणि तिला मराठीतलं एक वाक्य वाचता येईना. साहेबांनी घड्याळात पाहिलं.

मैत्रिणीने भाचीच्या हातात बिस्किटांचा पुडा ठेवला, गालावरून हात फिरवला आणि हळहळत मला गुजरातीत म्हणाली, "बिचारी. घरी हिला कोणी शिकवणारंच नसेल."

बाबा तिथेच उभे होते. त्यांनी ऐकलं. ते फळा पुसायला लागले. जाता जाता साहेबांनी दारातच त्यांना सांगून टाकलं की जूनपासून हा वर्ग राहणार नाही. बाबा "जी" म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मी भाचीकडेसुद्धा बघू शकले नाही.

संध्याकाळी घरी वहिनीने विचारलं, पोरगी कशी वागली? बाबा म्हणाले, छान वागली. मी गवार निवडत बसले होते. ते माझ्यासमोर येऊन बसले, मूठभर शेंगा घेतल्या आणि शिरा काढायला लागले.

"तुला बेन म्हटलं ते मनावर घेऊ नकोस," ते म्हणाले. "मैत्रिणी होत्या तुझ्या. हा मास्तर तुझा बाप आहे हे कळलं असतं, तर तुला उगाच खाली बघावं लागलं असतं."

मी 'नाही हो बाबा' म्हणेन म्हणून ते थोडा वेळ थांबले. मी शेंगा मोडत राहिले. मग हातातली गवार ताटात ठेवून ते उठले आणि आत गेले.