नाव लिहिलेली डबी

मंडळी, सकाळी आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला : ‘आतड्याच्या कॅन्सरसाठी शौच तपासणी. इच्छुकांनी नाव द्यावे.’ वाचला सगळ्यांनीच असणार. संध्याकाळपर्यंत नाव एकाचंही नाही.

नव्वदच्या आसपास बोईसरला आमच्या कारखान्याच्या दवाखान्यात असाच कागद लागला होता. कोणी फिरकलं नाही. एक तर लाज, त्यात मटणातल्या रक्ताने निकाल चुकू नये म्हणून तपासणीआधी तीन दिवस मटण बंद.

पुढच्या वर्षी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मुद्दाम श्रावण धरला. बहुतेकांचं मटण तसंही बंदच. चाळिशीपुढच्या प्रत्येकाच्या नावाची डबी घेऊन त्या क्वार्टर्समध्ये दारोदार फिरल्या. बाई चिंचणीच्या, बोलणं रोखठोक.

“बाई, मला काही झालेलं नाही,” मी म्हटलं.

“मी कुठं इचारलं? डबी तुमची हाय. परवा न्यायला येते.”

जवळजवळ सगळ्यांनी डब्या दिल्या. माझ्या नमुन्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं. ऑपरेशन वेळेत झालं, म्हणून आज हे टाइप करतोय.

तर आपल्या सोसायटीतल्या चाळिशीपुढच्या सगळ्यांची नावं मघाशी मीच देऊन आलो. परवा सकाळी डब्या घेऊन येतोय. ‘मला काही झालेलं नाही’ हे दारात मलाच सांगाल का?