सुलभाबरोबर नदीकाठी

स्वतःच्या पायावर धोंडा सगळेच पाडून घेतात हो. पण मी तो शोधून, उचलून, नीट नेम धरून पाडला! ऐकाच.

त्र्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. बोरिवलीच्या आमच्या चाळीत समोरच्या खोलीत सुलभा राहायची. एकुलती एक. माझा तिच्यावर जीव, पण ते सांगायला चाळीत जागा कुठे? गॅलरीत कुजबुजलं तरी तिसऱ्या खोलीतून उत्तर यायचं!

म्हणून बेत केला. दसरा झाला होता, पाऊस संपला होता. रविवारी सकाळी नॅशनल पार्कात, दहिसर नदीच्या काठाने फिरून यायचं. सुलभा म्हणाली, "येते रे, पण बाबांना तू विचार."

तिचे बाबा पक्के मालवणी. "वांगडा आणि कोण असा?"

"सोबत कोणी नाही, काका. आम्ही दोघंच."

त्यांच्या भुवया वर गेल्या. माझी वाट लागली! तोंडातून निघून गेलं, "काका, सुलभा मला बहिणीसारखी आहे हो!"

काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी. "माझ्या चेडवाक भाव नाय होतो. आज गावलो!"

परवानगी मिळाली म्हणून मी खूश. काय म्हणावं या गाढवाला?

नदीकाठी मात्र काय शांत होतं! गवत पिवळं पडायला लागलेलं, पाणी नितळ, बांबूची पानं एकेक करून त्यात पडत होती. आम्ही चपला काढून पाण्यात पाय सोडून बसलो. ती सकाळ आठवली की अजून जीव कासावीस होतो.

सुलभा पाण्याकडे बघत म्हणाली, "बाबांना म्हणालास ते खरं?"

आता सांगा, याहून सरळ कोणी विचारतं का? पण मला काकांचे ओले डोळे दिसले. म्हटलं, खरं बोललो तर पुढचा रविवार गेला! छातीवर हात ठेवून म्हणालो, "मग! शब्द आहे आपला."

तिने पाय पाण्यातून वर घेतले. मग चपला घालत म्हणाली, "चल, ऊन वाढतंय."

भाऊबीजेला काकांनी मला पाटावर बसवलं. सुलभाने ओवाळलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं. भर मांडवात काकांनी हाक मारली, "कानपिळीक भाव खंय गेलो?" नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा ना! गेलो. सगळी जळजळ बोटांत आणून असा पिळला की बिचारा पाटावरून अर्धा उठला. मांडवभर हशा. मला मानाचं सफारीचं कापडसुद्धा मिळालं.

मी ते घेत असताना सुलभाने मान वर केली आणि हळूच म्हणाली, "चुकीचा कान पिळलास रे."