साडूंची गवतपिशवी

परमेश्वराने हे जग घडवताना आमच्या साडूंचा सल्ला घेतला असता, तर पृथ्वीवर एकही धारदार वस्तू झाकणाशिवाय राहिली नसती. वाघाच्या नखांना टोप्या असत्या आणि प्रत्येक बाभळीखाली ‘सावधान’ची पाटी. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान नाशिक रोडला एका कारखान्यात देखभाल खात्याचे फोरमन होते, आणि देखभालीची सवय अंगात इतकी मुरलेली की घरच्या स्टोव्हला पिन मारायची झाली तरी आधी सगळ्यांना अंगणात काढत. एकदा मी केळं सोलत होतो, तर मला मध्येच थांबवून म्हणाले, “साल कुठे टाकणार ते आधी ठरवा, मग सोला.” मी केळं परत फणीत ठेवून दिलं. भूकच मेली माझी.

असल्या माणसाच्या हाती कारखान्याच्या कॉलनीतलं सगळ्यात भयंकर यंत्र आलं. कारखान्यात काम करून मायदेशी परतणारा एक परदेशी इंजिनियर ते मागे ठेवून गेला होता. बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र! चार चाकं, वर खुर्ची, पोटाखाली गरगर फिरणारं पातं, आणि उजव्या अंगाला एक तोंड, त्यातून कापलेलं गवत भसाभस बाहेर उडायचं. सत्तरच्या दशकात नाशिकमध्ये असलं वाहन कोणी पाहिलं होतं? पहिल्या दिवशी सगळी कॉलनी मैदानाच्या कडेला गोळा झाली. लोक टाळ्या वाजवत होते आणि साडू मिरवणुकीतल्या नवरदेवासारखे ताठ बसले होते.

ताई, म्हणजे साडूंची बायको, मात्र त्या गर्दीत नव्हती. तिला दमा. त्यांचं क्वार्टर मैदानाला अगदी लागून, आणि यंत्राने उडवलेला भुसा सरळ खिडकीतून आत. संध्याकाळी आम्ही घरात शिरलो तेव्हा ती गुडघ्यांवर हात टेकून वाकून बसली होती, एकेक श्वास विहिरीतून बादली ओढावी तसा ओढत होती. साडूंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. नको तो चेहरा. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हे असंच चालणार असेल तर यांना इथे ठेवू नका. गवत न कापून भागणार नव्हतं, मैदानात घोणस निघायची. मग ठरलं की दिवाळी झाली की ताईने सटाण्याला भावाकडे जाऊन राहायचं, कायमचं. पोरंबाळं नव्हती, घरात दोघांना दोघंच. साडू रात्रीच्या जेवणात एवढंच म्हणाले, “ती कुठे जात नाही. गवताला पिशवी लावू.”

आणि मग सुरू झालं ते पिशवीपुराण. दर रविवारी आम्ही पंचवटीतून बस धरून जेवायला जायचो आणि जेवणाआधी मला मैदानातले दगड वेचावे लागायचे. हो, मी! इस्त्रीच्या शर्टात! पात्याने उडवलेला खडा गोळीसारखा जातो म्हणे. दगड, खिळे, छत्रीच्या काड्या, कोणाची तरी चप्पल, सगळं बादलीत. मग साडू यंत्राच्या तोंडाला पत्र्याचा नळा जोडायचे, तो मागे न्यायचे आणि खुर्चीच्या पाठीमागच्या सांगाड्यावर पिशवी अडकवायचे. पहिली पिशवी गोणपाटाची. तिच्यातून धूळ अशी गाळून आली की साडू उतरले तेव्हा हळदीला बसल्यासारखे दिसत होते, फक्त हिरवे. दुसरी ताडपत्रीची. तिच्यातून धूळ काय, वारासुद्धा बाहेर पडेना. नळा तुंबला, पिशवी टम्म फुगली आणि फट्टकन निसटून पडली. शिवाय पिशवी भरली की मागच्या वजनाने यंत्राची पुढची चाकं उचलली जात. त्यावर साडूंनी उपाय काढला तो असा की घरच्या जात्याचा वरचा दगड उचलला आणि पुढच्या बाजूला बोल्टने आवळून टाकला. ताई म्हणाली, “अहो, मेतकूट कशावर दळू?” साडू म्हणाले, “पुढचं वजन महत्त्वाचं. मेतकूट विकत आणू.”

नळा तुंबला की माझा हात आपसूक तिकडे जायचा. साडू जे ओरडायचे! “हात मागे! आधी यंत्र बंद. चावी खिशात. पातं थांबलेलं डोळ्यांनी बघा. मग प्लगची वायर काढा. आणि मग काठी, हात नाहीच!” मी म्हणालो, अहो बंद आहे ना ते. तर म्हणाले, “स्टोअरला मागणी लावून बोटं मिळत नाहीत, साडूभाऊ.” मी दोन्ही हात खिशात घातले आणि काठी शोधायला गेलो.

दिवाळी झाली. भाऊबीज आटोपून मेहुणा सटाण्याहून ताईला न्यायलाच आला. ट्रंक भरून दारात ठेवलेली. “चाल ना ताई, घर आपलंच शे,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि ताई उगाचच डबे पुसत होती. साडूंचा पत्ता नाही. सकाळी दळण घेऊन जे गिरणीत गेले ते गेलेच. आले ते पिठाशिवाय, पण डोळे लकाकत होते. गिरणीच्या तोंडाला पीठ पडायला जी कापडाची नळी बांधलेली असते, तिच्याकडे हा माणूस तासभर बघत उभा होता! वारा बाहेर, पीठ आत. “जाड मांजरपाट, दुहेरी!” ते दारातूनच ओरडले. ताईने ट्रंक उघडली, गादीची मांजरपाटाची खोळ काढली आणि स्वतः मशीनवर बसून पिशवी शिवली. जाणाऱ्या माणसाने शिवली हो.

दुपारी यंत्र चालू झालं. साडूंनी घराला लागूनची पट्टी आधी घेतली. खिडक्या बंद होत्या आणि आम्ही सगळे ताईकडे बघत होतो. थोड्या वेळाने ती उठली, म्हणाली, “बघू तरी,” आणि तिने खिडकी उघडली. मी श्वास धरला. तिने घेतला. हिरव्या गवताचा ओला वास आत आला, धूळ नाही. साडूंनी यंत्र बंद केलं, चावी खिशात घातली, पातं थांबलेलं बघितलं आणि मगच मान वर करून विचारलं, “कसं वाटतंय गं?” ताई आत वळली आणि ट्रंकेतले कपडे परत कपाटात लावू लागली. मेहुणा संध्याकाळच्या एसटीने परत गेला, बहिणीऐवजी बैलांसाठी गवताची पोती घेऊन.

पुढे ऐंशीच्या दशकात साडू निवृत्त झाले. गंगापूर रोडला वरच्या मजल्यावर जागा घेतली. तिथे गवताची काडी नाही, ताईला नवं औषध लागू पडलं आणि तिचा दमा जवळजवळ गेलाच. साडू मात्र खचल्यासारखे दिसू लागले. गॅलरीत बसून राहायचे, कशात मन नाही. एकदा मी गेलो तर तसेच बसलेले, हाक मारली तरी लक्ष नाही. ताई भाजी निवडत होती. तिने एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून खोकली. साडू ताडकन उठले, “बसून राहा, बोलू नकोस!” म्हणत पाणी गरम करायला आत धावले. मी घाबरून ताईजवळ गेलो. ती अगदी ठणठणीत होती. ओठांवर बोट ठेवून मला हळूच म्हणाली, “काही नाही हो. आठवड्यातून एकदा खोकावं लागतं.”