पंचफुला थांबते ती जागा

पंचफुला, सूर्यभान आणि चंद्रभान ही तीन भावंडं एकाच वेळी श्वास कशी घेतात, हा प्रश्न मला पिंगळीच्या शाळेत शिकवताना पडला होता. वर्ग वेगवेगळे, पण प्रार्थनेत तिघांचा आवाज एकाच गळ्यातून आल्यासारखा वाटे.

उत्तर त्यांच्या वडिलांकडे मिळालं. सिताराम रेल्वेत गँगमन होता. रूळ उचलताना एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी जबाब द्यायचा. हाक सितारामची असे आणि पोरं कडेला बसून ऐकत.

"शेवटच्या गड्याचा हात लागल्याबिगर हाक पुढं न्यायची न्हाई, गुरुजी," तो मला म्हणाला. "न्हाईतर कुनाचं तरी बोट जातंय."

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव दलित वस्त्या जळाल्या. सितारामच्या रेल्वेच्या खोलीत नातेवाईक येऊन राहिले. कुणी कुणाशी बोलेना. पंचफुला तेव्हा दहावीला होती. तिनं घागरीवर ठेका धरला, भाऊ शेजारी बसले, आणि तिनं स्वतः जुळवलेलं गाणं म्हटलं. "सांगा, विद्यापीठाला नाव कुणाचं?" इथं ती थांबली. घागरीवरचा हातही थांबला. मग एका म्हातारीनं दबकत बाबासाहेबांचं नाव घेतलं. एकेक करून सगळ्यांनी घेतलं. तेव्हाच पुढची ओळ आली.

त्या गाण्यानं भावंडांची गायनपार्टी झाली. घागर जाऊन ढोलकी आली, मग बेंजो आला, कर्णे आले. कव्वालीचे दिवस आले तसं सूर्यभाननं चमकीचं जाकीट शिवून घेतलं. पंचफुलाचं लग्न पालमला झालं. ती एस.टी.नं कार्यक्रमाला यायची, कडेवर लेकरू असलं तरी. सत्त्याऐंशीत कॅसेट निघाली. घरोघर वाजली, पण पंचफुला ती लावत नसे.

"जबाब कोन द्यायलाय त्यात? भिंत?"

त्र्याण्णवच्या दिवाळीत सूर्यभाननं विजेचा की-बोर्ड आणला. त्यात ठेका आपोआप वाजायचा. चंद्रभानची ढोलकी खुंटीवर गेली. मी तालमीला गेलो, तर वाद रंगात आला होता.

"अक्का, तू मागं राहायलीस," सूर्यभान म्हणाला.

"मी कुटं? हेच थांबंना. हे श्वास कवा घेतंय रे?"

"मशीन हाय ते. म्हैस न्हाई."

चंद्रभान खिदळला. सूर्यभान हसला नाही. "पोरांना नाचायला पायजे आता. ती थांबायची जागा काढून टाकू. न्हाईतर तू खाली बस, आमी दोघं म्हणतो."

पंचफुला उठली. लुगडं सावरून त्या मशीनपुढं बसली आणि एकेक बटण दाबून पाहू लागली. लग्नातल्या बँडसारखा आवाज आला, मग बासरी, मग कसलीतरी शिट्टी. नव्या गावातली घरं बघत हिंडावं तशी ती हिंडत होती. एका बटणावर ठेका बंद पडला. पुन्हा दाबलं, चालू. तिनं चार वेळा करून पाहिलं.

"हे तेवढं माझ्याकडं राहू दे," ती म्हणाली. "बाकीचं समदं तुझं."

सूर्यभाननं मान डोलावली. पण पटलेलं नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नाव लागलं. जुन्या नावाला जोडून का होईना, लागलं. पालमच्या बौद्धवाड्यात मांडव पडला. पोरं नाचत होती. "नाव कुणाचं?" आलं आणि पंचफुलानं बटण दाबलं. ठेका बंद. मांडवातून असा जबाब उठला की कर्णे घरघरले. सूर्यभानचा हात पुढं आला, ठेका चालू करायला.

पंचफुलानं त्या हातावर चापट मारली.

"थांब की. ती मागं बसलेली म्हातारी राहिलीया."

सगळ्यांनी माना वळवल्या. खांबाला टेकलेली म्हातारी सावकाश उठली. पदर नीट केला. तिला घाई नव्हती.