खिडकीकडे तोंड करून ऐकलेली गाणी

आई गेल्यावर बडोद्यातल्या अकोट्याच्या घरात आम्ही दोघंच उरलो, बाबा आणि मी. आमच्यातलं बोलणं आईच करायची, दोन्ही बाजूंचं. बाबांचे कान प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात अधू झाले होते. समोर उभं राहून ओरडलं तरच कळायचं, आणि माझा राग तर नाकाच्या शेंड्यावर. दुसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढायचा, तो काही त्यांच्या कानांसाठी नसायचा.

सकाळी मी निजामपुऱ्यात कॉम्प्युटर शिकवायला जात असे. संध्याकाळी घरच्या कॉम्प्युटरवर माझा स्वतःचा प्रोग्रॅम चालू असायचा. गाण्याची सीडी घातली की पडद्यावर रंगीत वर्तुळं उमटायची आणि तालाबरोबर फुगायची. सांगायला छंद होता. खरं तर बाबांनी एक अख्खं गाणं माझ्या शेजारी बसून ऐकावं, एवढंच मला हवं होतं. एकटं वाटायचं मला त्या घरात, दुसरं काय.

मी बोलावलं की ते येत. खुर्चीत बसत, दोन मिनिटांत तोंड खिडकीकडे फिरवत, मान डोलावत आणि गाणं अर्धं झालं की उठत. "सरस आहे," म्हणत. बडोद्यातल्या आमच्यासारख्या घरांत 'छान'ऐवजी गुजरातीतलं 'सरस'च तोंडी बसलेलं. पण ज्याच्याकडे पाहिलंच नाही ते सरस कसं? एके दिवशी मी त्यांची वाट अडवली.

"आवडत नसेल तर तसं सांगा ना."

"आवडतं की. पण तुझा पडदा वेल्डिंगसारखा लुकलुकतो," बाबा म्हणाले. "वेल्डिंगच्या उजेडाकडे बघायचं नाही, हे शॉपमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. मान आपोआप वळते, बेटा."

मी पुन्हा बसून नीट पाहिलं. खरंच लुकलुकत होता. इतके महिने मला दिसलं नव्हतं. आपला तो बाब्या! चूक साधी होती. प्रत्येक नव्या चित्राआधी मी पडदा पुसून काळा करत होते आणि मग त्यावर एकेक वर्तुळ काढत होते. मधला तो काळा क्षण डोळ्यांना टोचत होता. वर ढोलकीच्या प्रत्येक थापेला मी सगळा पडदा उजळून टाकत असे.

रविवार त्यातच घालवला. आता चित्र आधी कॉम्प्युटरच्या पोटातच पुरं व्हायचं, आणि झालं की एकदम पडद्यावर यायचं, स्वयंपाकघरातून वाढून आणलेल्या ताटासारखं. पुसणं कुणाला दिसायचं नाही. उजेडही थापेला उसळण्याऐवजी सावकाश चढेल आणि सावकाश उतरेल असा केला.

संध्याकाळी बाबांना बोलावलं. आईच्या आवडीचं भजन लावलं आणि त्यांना ऐकू जावं म्हणून आवाज पार वर नेला. शेजारच्या काकूंनी त्यांची खिडकी लावून घेतली. बाबा पडद्याकडे बघत होते. दोन मिनिटं झाली, तीन झाली, मान वळली नाही. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्याकडेच बघत राहिले.

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आता झकास झालं. लाव गाणं."

भजनाचं शेवटचं कडवं चालू होतं.

मी त्यांच्यासमोर जाऊन मोठ्याने विचारलं, "बाबा, तुम्हाला गाणी ऐकू येतात ना?"

"नाही गं. तुझी आई होती तेव्हाच गाणी ऐकू येईनाशी झाली होती. तिला माहीत होतं."

"मग रोज येऊन बसत होता ते?"

"तू बोलवायचीस ना."

त्या लुकलुकीसमोर ते रोज येऊन बसले होते, काहीही ऐकू येत नसताना, माझ्यासाठी मान डोलावत. आणि मला वाटत होतं, सोबत मी त्यांना देते आहे.

मी भजन पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि स्पीकर बंद केला. प्रोग्रॅमला स्पीकर लागत नव्हता, तो गाणं आतूनच घ्यायचा. वर्तुळं हलू लागली. बाबांनी माझी खुर्ची जवळ ओढली, आणि भजन संपेपर्यंत आम्ही दोघं बघत बसलो.