सायबाच्या पुस्तकातली पूर्वेची डोंगरी

मित्रांनो, आज बुधवार, १९ नोव्हेंबर. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी आलापल्लीजवळच्या आमच्या गावाची जैवविविधता नोंदवही भरत होतो. तापावरची एक मुळी कुठे सापडते, ते एका इंग्रज साहेबाच्या जुन्या पुस्तकातून उतरवलं: पूर्वेची डोंगरी.

खात्री करायला, गावात जडीबुटी देणाऱ्या म्हाताऱ्या सोमीबाईंना वाचून दाखवलं. त्या पोट धरून हसल्या.

“मह्या आज्यानंच सांगतलं होतं सायबाले. मुद्दाम खोटं.”

“काऊन बाई?”

“खरं सांगतलं असतं तर गाड्या भरून नेली असती. तुह्या वहीसाठी मुळी उरली असती का?”

मग त्यांनी मला खरी जागा सांगितली. वर म्हणाल्या, “आता तू बी सायबच झाला. लिव काय लिवाचं थे.”

एक वेलांटी चुकली तरी मला चैन पडत नाही. तरीही तासभर खोडरबर हातात धरून बसलो आणि शेवटी ‘पूर्वेची डोंगरी’ तशीच ठेवून खाली सही केली.

वही उद्या तालुक्याला जाईल. जाणूनबुजून चुकीचं असं आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलंय. तेव्हापासून ते पान तीनदा उघडून पाहिलं.

तुम्ही काय लिहिलं असतं?